आबांचा उजवा खांदा

आमच्या हुडकेश्वरच्या गल्लीत दसरा जवळ आला हे मला कॅलेंडर सांगत नाही, गाद्या सांगतात. आश्विन लागला की घराघरांतल्या जुन्या गाद्या, रजया, सतरंज्या गच्चीवर चढतात आणि बायका काठ्या घेऊन त्यांना बडवायला लागतात. धप्प, धप्प, धप्प. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायला गावोगावचे पाहुणे येणार, ते आपल्याकडेच उतरणार आणि हॉलमध्ये एकाला लागून एक अशी दहा-अकरा माणसं झोपणार. गादीत पावसाळ्याचा कुबट वास राहिला तर कुहीची मामी पुढचं वर्षभर त्यावर बोलेल, आणि तेही माझ्यासमोर नाही, सगळ्या नातेवाइकांसमोर. म्हणून बडवणं भाग आहे.

यंदा पाच-सहा तडाखे जोरात दिले आणि सातव्याला खांद्यातून अशी कळ निघाली की काठी टाकून तिथेच बसले. खाली अंगणात आबा पेपर वाचत होते. वर न बघताच त्यांनी विचारलं, "काहून वं, थांबली?"

"खांदा!"

"कोणता?"

"उजवा."

"मंग तो माहाच आहे," आबा म्हणाले. "नाक आईचं घेतलं, खांदा माहा घेतला. थोडा वेळ बस अन् पुन्हा हाण."

आबा म्हणजे माझे वडील. धान्यबाजारात पस्तीस वर्षं हमाली करून निवृत्त झालेले. 'निवृत्त' हा शब्द माझा. ते म्हणतात, "मी बसलो." गहू, तूर, चणा, तांदूळ, जे जे नागपूरकरांच्या ताटात पडलं त्यातलं बरंचसं आधी आबांच्या उजव्या खांद्यावरून गेलं आहे. मी कॉलेजात मराठी शिकवते. त्यांनी पोती वाहिली, मी शब्द वाहते. माझं ओझं हलकं आणि वर डोक्यावर पंखा, हे ते मला अधूनमधून ऐकवतात. खालच्या मजल्यावर आई-आबा, वर मी, माझा नवरा सुमेध आणि आमची मुलगी तनू, असं आमचं बिऱ्हाड आहे. तनू आता सात वर्षांची आहे, पण मला सांगायचं आहे ते ती चार वर्षांची होती तेव्हाच्या भाद्रपद-आश्विनाबद्दल. त्या दीड महिन्यात आमच्या घरात खांदा सोडून दुसरा विषय नव्हता.

झालं असं की त्या वर्षी मी बी.ए.च्या मुलांना एक काम दिलं होतं. शरीराचा एक अवयव निवडा; त्याचा शब्द कुठून आला, बोलण्यात कुठेकुठे फिरतो, साहित्यात काय काय करतो ते शोधून आणा. हृदयावर सात जण तुटून पडले. डोळे पाच जणींनी घेतले. नाक एका खट्याळ मुलीनं मागून घेतलं, पोट होस्टेलवरच्या दोघांनी वाटून घेतलं. खांद्याला मात्र कोणी हात लावला नाही. मला वाईट वाटलं. म्हटलं, बाबा रे, तुला कोणी नाही ना, मग तू माझा.

संस्कृतात तो स्कंध. पालीत, प्राकृतात खंध. आपल्या तोंडात येईपर्यंत खांदा. पण स्कंध म्हणजे नुसता माणसाचा खांदा नव्हे. झाडाचं खोड, जिथून फांद्या फुटतात ती जागा, तीही स्कंधच. आमच्याकडे खेड्यावर फांदीला खांदी म्हणतात, तेव्हा मला वाटतं झाडालाही खांदे असतात हे त्या माणसांना ठाऊक आहे. मोठ्या ग्रंथाचे भाग पाडले, त्यांना स्कंध म्हटलं. सैन्याच्या फळ्या पाडल्या, त्यांनाही स्कंध म्हटलं. जे जे कशाचा तरी भार घेऊन उभं राहतं त्या सगळ्यांना आपल्या जुन्या लोकांनी एकच नाव देऊन टाकलं. मला हे इतकं आवडलं की मी त्या दिवशी भाजी करपवली.

टिपणं काढायची मी वर, टेबलावर. ती तपासून घ्यायची मात्र खाली, आबांकडून. वर्गात मला कोणी अडवत नाही, आबा वाक्यावाक्याला अडवत. 'खांद्याला खांदा लावून काम करणे' हा आपल्या भाषणांतला लाडका शब्दप्रयोग मी वाचून दाखवला. आबांनी चष्मा काढला.

"कोणं लिहिलं हे? त्यानं कधी पोतं पाहिलं होतं का? खांद्याले खांदा लावून चालले त दोघंही पडतीन. मधात हातभर जागा सोडा लागते."

दुसऱ्या दिवशी 'खांदेपालट' काढला. पालखी असो की तिरडी, दमलेला खांदा बाजूला होतो, ताजा खांदा खाली शिरतो आणि ओझं जमिनीला टेकत नाही. इतका सुंदर, शहाणा शब्द, आणि तो आपण मंत्र्यांची खाती बदलण्यासाठी वापरतो. आबांनी पेपरातली बातमी दोनदा वाचली आणि म्हणाले, "याईचा त कोणाचाच खांदा दुखून नव्हता राह्यला. मंग पालटले काहून?" खांदे उडवणे हा प्रकार तर त्यांना समजावताच येईना. मी दोन्ही खांदे कानापर्यंत नेऊन दाखवले. ते म्हणाले, "मुंग्या चावल्या का?" खरंच आहे. आपल्याकडे माणसाला एखादी गोष्ट माहीत नसली तर तो हात हलवतो, ओठ काढतो, खांदे नाही उडवत. ते आपण सिनेमे बघून शिकलो.

साहित्यातले खांदे मी वेगळ्या वहीत मांडले. जात्यावरच्या ओव्यांतल्या बहिणीला भावाच्या खांद्यावरचा शेला लांबून दिसतो. पोवाड्यातले खांदे रुंद असतात, त्यांना तेवढंच काम. लावणीत पदर खांद्यावर टिकत नाही. आणि अलीकडच्या कथा-कादंबऱ्यांत खांदा आला की कोणीतरी त्यावर मान टाकून रडणार हे ठरलेलं. मान टाकणारे आपल्या साहित्यात पुष्कळ झाले. ज्याचा खांदा आहे त्याला त्या वेळी कुठे दुखत होतं, हे विचारणारे मला फार थोडे भेटले. हे वाक्य मी वर्गात मोठ्या ऐटीत म्हटलं. मुलांनी लिहूनही घेतलं. आणि त्याच दिवसांत माझ्या घरात, माझ्या नाकासमोर, आबांचा खांदा दुखत होता आणि मला पत्ता नव्हता.

लक्षात यायला हवं होतं. आबांनी डोक्यातून घालायचे बनियन सोडून पुढून बटणं असलेलेच सदरे घालायला सुरुवात केली होती. भांग डाव्या हातानं पाडत होते, तो वाकडा पडत होता. शर्ट खुंटीला अडकवायचे ते खुर्चीच्या पाठीवर टाकायला लागले. मी चिडून म्हणायची, "आबा, खुंटी आहे ना तिथे?" ते म्हणायचे, "खुर्ची जवळ पडते." एकदा तनूनं माळ्यावरचा तिचा चेंडू मागितला. आबांनी हात वर केला, तो छातीच्या थोडा वर गेला आणि थांबला. तोंडातून आवाज नाही आला, पण चेहरा पांढरा पडला. मग डॉक्टर झाले, फोटो झाले. खांदा जाम झाला आहे, डॉक्टर म्हणाले. वयात होतं. सहा महिने, वर्ष लागेल. औषधापेक्षा व्यायाम महत्त्वाचा. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, रोज थोडी थोडी वर.

त्या खांद्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. आबांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे. त्यावर मानेजवळ एक घट्टा आहे, तळव्याएवढा, काळपट आणि गुळगुळीत. आमच्या जुन्या शिंप्याच्या वहीत आबांच्या नावासमोर खांद्याची दोन मापं असत. आमच्या लग्नाच्या फोटोत आबा थोडे कलून उभे आहेत. फोटोग्राफरनं तीनदा सांगितलं, काका, सरळ उभे राहा. तिसऱ्यांदा आबा म्हणाले, "बापू, सरळच उभा आहो. तूच कॅमेरा वाकडा कर." हे सांगताना सुमेध अजून हसून लोळतो. मी हसते, पण फोटो बघताना माझा हात नकळत त्यांच्या त्या उतरलेल्या बाजूवर जातो.

लहानपणी ती माझी बसायची जागा होती. आमच्या घरची रीत आहे: मूल पहिल्यांदा दीक्षाभूमीवर जातं ते पायानं नाही, खांद्यावरून. सुरुवात माझ्या आजोबांनी केली. छप्पन साली ते कुहीकडच्या आपल्या गावाहून नागपूरला पायी आले, तेव्हा माझे थोरले काका दोन वर्षांचे होते. त्यांना खांद्यावर घेऊन आजोबा त्या अफाट गर्दीत उभे राहिले आणि घरी परतले ते नवे होऊन. आबा तेव्हा जन्मलेही नव्हते, पण ती गोष्ट ते अशी सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, आजोबांच्या दुसऱ्या खांद्यावर हेच होते. पुढे आजोबांनी आबांना नेलं. आबांनी मला नेलं, माझ्या भावाला नेलं, भावाच्या दोन्ही मुलांना नेलं. मला आठवतं ते एवढंच: खाली डोकीच डोकी, पांढरे कपडे, निळे झेंडे, आबांच्या केसांतलं खोबरेल तेल, आणि माझ्या मुठीत घट्ट धरलेला त्यांचा कान. मी त्यांच्या डोक्यावर गाल टेकून झोपले होते म्हणे. लाळही गळाली असणार. त्यांनी ती तशीच वागवली.

आता राहिली होती तनू. घरातलं शेवटचं लेकरू. पहिली दोन वर्षं ती अगदी तान्ही, पुढची दोन साथीत गेली, आणि आता ती चार वर्षांची होती. पुढच्या वर्षी ती खांद्यावर बसायला तयार झाली नसती. तिची जीभ तेव्हाच तिच्याहून मोठी होती. म्हणजे न्यायचं तर याच दसऱ्याला, आणि दसरा पाच आठवड्यांवर. डॉक्टर म्हणत होते वर्ष.

"सुमेध नेईल ना," मी सहज म्हटलं.

आबा उठून भिंतीपाशी गेले आणि बोटांनी भिंत चढायला लागले. तनूनं पेन्सिल आणून त्यांचं बोट थांबलं तिथे खूण केली आणि शेजारी स्टुलावर उभी राहून आपलंही बोट त्यांच्यावर एक वीत चढवलं. "आबा हरले!" असं म्हणून ती घरभर नाचली.

आईनं आपला उपाय काढला. तिच्या माहेरी बैलजोडी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकायचे, पळसाचं पान गरम तूप-हळदीत बुडवून जुवाच्या जागी हळूहळू फिरवायचं, वर्षभर वाहिलं त्याची आठवण ठेवायची, अशी तिकडची रीत. पळस हुडकेश्वरला कुठून आणणार? तिनं कापडाची पुरचुंडी केली आणि रोज संध्याकाळी आबांना पाटावर बसवून शेकायला लागली. "बैलाले वर्षातून एक दिवस," ती म्हणायची, "याले रोज पाह्यजे." आबा डोळे मिटून बसायचे. घट्ट्यावर तूप चमकायचं. चाळीस वर्षांच्या संसारात त्या दोघांना मी इतकं जवळ बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी जिन्यातच थांबायची आणि काहीतरी विसरल्याचं सोंग करून परत वर जायची.

दोन आठवडे झाले. भिंतीवरची खूण दोन बोटं वर सरकली, बस्. मग आबा सकाळी फिरायला जायला लागले. साडेपाचला निघायचे, सातला यायचे, आल्याआल्या आंघोळीला. आम्हाला बरं वाटलं. म्हटलं, चला, मन रमतंय.

सुमेध बुटीबोरीच्या एका कारखान्यात आहे. सकाळी मोठ्या रस्त्यावर कंपनीची बस येते. एका सकाळी त्याचा बसस्टॉपवरून फोन आला. "लवकर ये. आबा किराणा दुकानासमोर गाडी खाली करून राह्यलेत."

मी तशीच गाऊनवर ओढणी टाकून स्कूटी काढली. खरंच. मालवाहू गाडी उभी होती, तांदळाचे कट्टे उतरत होते आणि उजव्या खांद्यावर कट्टा घेऊन आबा दुकानाच्या पायऱ्या चढत होते. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. दुकानदार मला बघून कावराबावरा झाला. "ताई, मी नाहीच म्हणत होतो. ते म्हणे डॉक्टरनं व्यायाम सांगितला आहे."

"आबा, डोकं फिरलं का तुमचं?" मी रस्त्यावरच ओरडले.

त्यांनी कट्टा आत नेऊन टाकला, बाहेर आले, मानेवरची तांदळाची कणी झटकली. "डाक्टर म्हणते भिंत चढा. मी काय पाल आहो? ज्या खांद्यानं पस्तीस वर्षं वजन घेतलं तो वजनानंच खुलीन. सवय मोडली म्हणून जाम झाला तो. आठ दिवस झाले, रोज पाच कट्टे घेऊन राह्यलो."

आठ दिवस! मला रडू आणि राग एकदमच आला. सांगा, दुसरं कोणी करील हे? दुखऱ्या पायाचा माणूस पळत नाही, पण दुखऱ्या खांद्याचा हमाल पोतं उचलायला जातो, आणि वर त्याला औषध म्हणतो. मी त्यांना स्कूटीवर बसवलं. वाटेत मी भरपूर बोलले. घरी येऊन आई बोलली. आबा ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "मंग तनूले कोण नेईन?"

"तिचा बाप नेईल! सांगितलं ना?"

"नेईन न. नेऊ शकते तो." आबा खाली बघत होते. "पण माह्या बापानं मले दुसरं काय देलं वं? वावर नाही, घर नाही. हा एक खांदा देला अन् त्याच्यावर लेकरू कसं न्यायचं ते शिकवलं. तेबी माह्याच्यानं नाही झालं, त मी काय केलं मंग?"

मराठीची प्राध्यापक, खांद्याच्या टिपणांनी वही भरलेली, आणि एक वाक्य सुचेना. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि कारण नसताना चहा टाकला.

कट्ट्यांनी व्हायचं तेच झालं. सूज आली, हात छातीच्या वर जाईना. डॉक्टरांनी मला झापलं, मग आबांना झापलं. "आता दोन महिने हातानं काहीही उचलायचं नाही. भाजीची पिशवीसुद्धा नाही." आबांनी शाळेतल्या मुलासारखी मान हलवली. दसरा पंधरा दिवसांवर होता. ते सकाळी फिरायला जायचे बंद झाले. तनू पेन्सिल घेऊन भिंतीपाशी बोलवायची तर "उद्या" म्हणायचे.

भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाचा वर्षावास चालू होता. आमच्या विहारात रोज संध्याकाळी भन्तेजींचं प्रवचन असे. आबांचं मन लागावं म्हणून मी एक दिवस त्यांना घेऊन गेले. योगायोग असा की त्या दिवशी विषय निघाला पाच खंधांचा. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान. माणूस माणूस म्हणतो तो या पाचांचा ढीग आहे. भन्तेजी म्हणाले, हे पाच खंध म्हणजे ओझं, आणि माणूस म्हणजे ते उचलून चालणारा हमाल. ते खाली ठेवता आलं की सुटका. महिनाभर मी ज्या शब्दाच्या मागे धावत होते तो इथे सतरंजीवर, उदबत्तीच्या वासात, माझ्या बापाशेजारी येऊन बसला होता.

प्रवचन संपल्यावर आबांनी हात जोडून विचारलं, "भन्तेजी, ओझं खाली ठेवलं, मंग हमालानं करावं काय?"

लोक हसले. भन्तेजीही हसले. "आधी ठेवून तर पाहा, आबा."

परत येताना गल्लीच्या वळणावर आबा म्हणाले, "भल्या माणसानं बरोबर सांगितलं. पण त्यानं हमाली नाही केली न. रिकामा खांदा लई जड लागते वं." मी त्यांचा डावा हात धरला. नेहमी सोडवून घेतात, त्या दिवशी राहू दिला.

दसऱ्याच्या दिवशी पहाटेपासून घरात पांढऱ्या कपड्यांची धांदल. हॉलमधल्या गाद्या गुंडाळल्या गेल्या. मामीनं गादीच्या वासाबद्दल चकार शब्द काढला नाही, म्हणजे पास. ती आणि आई सगळ्या पाहुण्यांना घेऊन पुढे गेल्या. आम्ही चौघं मागून ऑटोनं निघालो. आबांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. उजवा हात त्यांनी पोटाशी धरून ठेवला होता. ऑटोत ते तनूला बाहेरची गर्दी दाखवत होते, झेंडे दाखवत होते, आपल्या बापाची गोष्ट सांगत होते, आणि सुमेधला म्हणाले, "जावाई, दोन्ही पाय नीट धरजा तिचे. ते मधातच वाकते." मी रस्त्याकडे तोंड वळवलं.

पोलिसांनी ऑटो बराच अलीकडे थांबवला. पुढे पायी. रस्ता माणसांनी भरून वाहत होता. म्हातारे, तान्ही लेकरं, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बाया, पुस्तकांच्या दुकानांकडे आत्ताच वळलेली पोरं. सुमेध खाली वाकला, तनूच्या काखेत हात घातले.

"थांबा जावाई," आबा म्हणाले.

आम्ही थांबलो. ते रस्त्याच्या कडेला गेले, झाडाच्या बुंध्यापाशी, आणि उकिडवे बसले. पाय थोडे फाकलेले, टाचा जमिनीवर घट्ट, पाठ सरळ, मान पुढे. त्या बसण्यात असं काही पक्कं होतं की दोन-चार माणसं वळून बघायला लागली.

"आबा, उठा," मी म्हणाले. "डॉक्टरांनी काय सांगितलं आहे? उचलायचं नाही."

"मी कुठं उचलून राह्यलो?" त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत महिनाभरात नव्हती ती चमक. "तुले काय वाटते, हमाल पोतं सोता उचलते? येडी का वं! पस्तीस वर्षांत मी एकही पोतं सोता खांद्यावर नाही घेतलं. कोणीच नाही घेत. आपण असं बसायचं. दोघं जण उचलून ठेवतात, मंग आपण उभं राहायचं. उचलणं दुसऱ्याचं, चालणं आपलं. मांड्या माह्या शाबूत आहेत. पाय धराले हात वर न्या लागत नाही. ठेवा तिले."

मी तशीच उभी. इतकी वर्षं मी त्यांना एकट्यानं पोती उचलताना बघत आले होते, मनातल्या मनात. निबंधात तसंच लिहिलं, भाषणात तसंच सांगितलं, माझे वडील एकट्याच्या खांद्यावर सगळं घेणारे. ते घरी कोणाला पाण्याचा पेलाही मागत नाहीत, म्हणून मला वाटलं त्यांना कोणाचा हात लागतच नाही. बाजारात रोज शंभर वेळा त्यांच्या ओझ्याला दुसऱ्यांचे हात लागत होते. फक्त घरी आम्ही कोणी कधी लावला नव्हता. मला रडू फुटलं, तिथेच, सगळ्या माणसांत.

सुमेधनं तनूला एका बाजूनं धरलं. दुसऱ्या बाजूला, आमची गडबड बघून, वाटेनं जाणारा एक माणूस हातातली पिशवी ठेवून पुढे झाला. अनोळखी, लांबच्या गावचा असावा.

"राहू द्या भाऊ," आबा त्याला म्हणाले. "माही पोरगी आहे इथं." आणि मग मला, नेहमीच्या आवाजात, "रडत काय बसली वं? लाव हात."

मी डोळे पुसले आणि हात लावला. आम्ही दोघांनी तनूला अलगद त्यांच्या मानेवर ठेवलं. त्यांनी छातीशी तिचे दोन्ही पाय धरले. मी माझी लेक सोडली, पण हात नाही काढला. तो त्यांच्या उजव्या खांद्यावर तसाच ठेवला. सदऱ्याच्या कापडाखालून घट्टा हाताला लागत होता.

"बसली?"

"बसली, आबा."

"हं," ते म्हणाले, आणि उभे राहिले.